हिमवाहनातील तारांची निगा

बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाईलला आपण येथे हिमवाहन म्हणू. पुढे दोन स्की, मागे रबराचा फिरता पट्टा आणि मध्ये एक लहानसे इंजिन अशी त्याची रचना असते. आपल्याकडे गुलमर्ग येथे हौशी प्रवाशांना ‘स्नो स्कूटर’ या नावाने हे वाहन भाड्याने मिळते. सियाचीनच्या हिमनदीवर भारतीय सेनाही त्याचा उपयोग करते. तथापि त्याची खरी भूमी कॅनडा ही होय. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर या गावचे जोझेफ-आर्मां बोंबार्दिये यांचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात दगावला. वाटा बर्फाने बुजल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. बर्फावर चालणारे वाहन बनविण्याची खटपट बोंबार्दिये त्यापूर्वीपासूनच करीत होते. 1959 साली त्यांच्या कारखान्यातून ‘स्की-डू’ हे एकदोघांना पुरणारे हलके हिमवाहन बाहेर पडले आणि उत्तरेकडील वस्त्यांत त्याने पाहता पाहता कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेतली. कुत्रा थकला तर विसावा घेऊन पुन्हा उठतो. एखादी तार तुटून बंद पडलेले इंजिन मात्र आपण होऊन उठत नाही. वस्तीपासून वीस किलोमीटरवर, उणे 30 अंश तापमानात, ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

येथे प्रथमच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हिमवाहनातील ज्या बिघाडांना आपण विजेचे बिघाड म्हणतो, त्यांतील बहुतेकांचे मूळ विजेत नसते. ते घर्षणात, पाण्यात आणि उष्णतेत असते. म्हणून त्यांचा प्रतिबंध करण्यास विद्युत्शास्त्राचे सखोल ज्ञान लागत नाही. तार कोठून जाते आणि कशाला घासते, एवढे पाहण्याची सवय लागते.

हे समजण्यासाठी वाहनातील विजेचा मार्ग पाहू. इंजिनाच्या जड चक्रात चुंबक बसविलेले असतात. चक्र फिरू लागले की जवळच्या स्थिर कुंडलांत वीज निर्माण होते. तिच्यातील काही ठिणगीसाठी व काही दिव्यांसाठी खर्च होते. जुन्या वाहनांत बॅटरी नसे. दोरी ओढून इंजिन सुरू करीत. 1968 साली रॅल्फ प्लेस्टेड यांचे पथक हिमवाहनांवरून उत्तर ध्रुवावर पोहोचले, ते अशाच साध्या यंत्रांच्या बळावर. आजच्या पुष्कळ वाहनांत बॅटरी, विजेने चालणारा स्टार्टर, इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि हाताच्या मुठी ऊबदार ठेवणाऱ्या तारा असतात. परंतु एक युक्ती जुन्यानव्यांत समान आहे: विजेच्या परतीच्या प्रवासासाठी वाहनाच्या धातूच्या सांगाड्याचाच उपयोग केलेला असतो. त्यामुळे प्रत्येक तारेच्या अवतीभोवती परतीची आडवाट सदैव उघडी असते. तारेवरील आवरण जेथे झिजेल, तेथे वीज त्या आडवाटेने निघून जाते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंजिन थांबविण्याचे बटण. पुष्कळ जुन्या वाहनांत हे बटण दाबले की ठिणगीची वीज सांगाड्याकडे वळते आणि इंजिन थांबते. या बटणाची तार हँडलच्या दांड्याजवळून जाते व प्रत्येक वळणावर थोडी हालते. कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकचे आवरण ताठर होते आणि वाकविताच त्याला भेगा पडतात. उघडी पडलेली तार सांगाड्याला टेकली की चालकाने बटणाला हात न लावताही इंजिन बंद पडते; हँडल सरळ केले की पुन्हा सुरू होते. कित्येक जण अशा वेळी कार्ब्युरेटर उघडून बसतात! याच्या उलट, तीच तार मधोमध तुटली तर इंजिन बटणाने थांबत नाही, आणि चालकाच्या अंगरख्याला अडकविलेली सुरक्षादोरी सुटली तरीही थांबत नाही. चालक खाली पडला आणि वाहन पुढे धावत सुटले, असा प्रसंग यातूनच ओढवतो. म्हणून हे बटण व ही दोरी प्रत्येक फेरीपूर्वी तपासावी.

तारांची जुडी बांधताना ती हँडलपाशी किंचित सैल ठेवावी आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती ताणली जात नाही ना, हे पाहावे. धुराच्या नळीपासून तिला दूर ठेवावे. पत्र्याच्या भोकातून ती जात असेल तेथे रबराचे कडे हवेच. प्लॅस्टिकच्या पट्टीने जुडी आवळून बांधणे हा अतिउत्साह होय. कंपनांमुळे ती पट्टीच हळूहळू आवरण कापू लागते.

पाण्याची करामत याहून गुप्त असते. इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळते, ते पाणी कनेक्टरमध्ये शिरते, रात्री गोठते, सकाळी पुन्हा वितळते. वाहन ट्रेलरवर लादून मीठ टाकलेल्या रस्त्यावरून नेले असेल तर त्यात खारे पाणी मिसळते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. हा थर दिसावयास क्षुल्लक, पण त्याचा हिशेब करून पाहावा. स्टार्टर 100 अँपिअर प्रवाह घेत असेल आणि गंजलेल्या जोडात केवळ 0.02 ओहम रोध असेल, तर 2 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात व 200 वॉट उष्णता जोड तापविण्यात जाते. 12 व्होल्टच्या बॅटरीतून स्टार्टरला उरतात 10. त्यात थंडीने बॅटरीची शक्ती आधीच उणावलेली असते. शिशाची पूर्ण भारित बॅटरी उणे 50 अंशांतही गोठत नाही, परंतु उतरलेली बॅटरी उणे 10 अंशांच्या आसपासच गोठून फुटू शकते. तेव्हा जोड उघडून स्वच्छ करावा, कोरडा करावा आणि विजेच्या जोडांसाठी मिळणारे ग्रीस लावून बंद करावा. धुताना पाण्याचा जोरदार फवारा त्यावर मारू नये.

तुटलेली तार जोडताना चिकटपट्टीवर विसंबू नये. थंडीत तिचा चिकटपणा जातो. डाख दिलेला जोडही हलत्या जागी टिकत नाही, कारण ताठ झालेला भाग जेथे संपतो तेथेच तार कंपनाने तुटते. दाबून बसविलेला धातूचा जोड आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी, हे अधिक भरवशाचे. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा दुसरा घालावा; तोही उडाल्यास कारण शोधावे. तेथे जाड तार किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. दिवे एकामागून एक जळत असतील तर दिव्यांना दोष न देता दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरची सांगाड्याशी असलेली जोडणी पाहावी. ती सैल झाली तर इंजिनाचा वेग वाढताच दाबही वाढतो.

उन्हाळ्यात वाहन पडून असते, तेव्हा उंदीर त्यात घर करतात व आवरण कुरतडतात. म्हणून पहिला बर्फ पडण्यापूर्वीच आवरणपत्रा काढून सर्व तारा नजरेखालून घालाव्यात. मग शेडचे दार सताड उघडे ठेवून इंजिन मंद वेगाने चालू करावे, हँडल दोन्ही बाजूंस फिरवावे आणि फिरत्या व तापत्या भागांपासून हात दूर राखून तारांची जुडी ठिकठिकाणी हलकेच हलवावी. ज्या ठिकाणी इंजिन अडखळेल, तेथे दोष आहे.