असाइनमेंटचा फोटो आणि आपला फोटो



होस्टेलवर आज मोबाइलमध्ये कॅमेरा नाही असा मुलगा शोधूनही सापडणार नाही. गॅदरिंगचे फोटो निघतात, ट्रेकचे निघतात, मेसमधल्या करपलेल्या पोळीचेसुद्धा निघतात! मग फोटो काढायला कॉलेजात जाऊन शिकायचं ते काय? हा प्रश्न मी माझ्या मामेबहिणीला विचारला होता. ती पुण्यात फोटोजर्नालिझम, म्हणजे छायापत्रकारिता शिकते. मामाचं घर इंदापूर तालुक्यात असल्यामुळे तिच्या बऱ्याच असाइनमेंट आपल्याच भागात झाल्या. मोटारसायकल माझी, त्यामुळे दोन सीझन मी तिचा ड्रायव्हर, छत्रीवाला आणि हमाल होतो. बाहेरून पाहताना जे कळलं ते इथे मांडतो. आपल्या फोटोग्राफी क्लबच्या मंडळींना उपयोग होईल असं वाटतं.

तिच्या कामाचे सरळ दोन भाग असतात. एक असाइनमेंट. विषय सरांचा, तारीख ठरलेली, फोटो किती द्यायचे तेही ठरलेलं, आणि प्रत्येक फोटोखाली कॅप्शन. दुसरं तिचं स्वतःचं काम. ते कुणी सांगितलेलं नसतं, कुणी मार्क देत नाही, आणि ते कधी संपणार हेही ठाऊक नसतं. असाइनमेंटमध्ये वेळेवर पोचायला शिकतो आणि स्वतःच्या कामात परत जायला, असं ताई म्हणते. मला आधी हे वाक्य जरा पुस्तकी वाटलं होतं.

पहिली मोठी असाइनमेंट होती पालखीची. तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केला असं मानतात. देहूहून निघालेली पालखी पुणे, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीत येते. पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे सोहळ्याचा चांगला मोठा टप्पा आपल्या अंगणातून जातो. काटेवाडीला परीट समाजाची मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर बांधवांच्या मेंढ्या पालखीभोवती धावतात. बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण होतं, इंदापुरातही होतं.

आता अडचण अशी, की ही चित्रं सगळ्यांच्या डोळ्यांत आधीच बसलेली आहेत. संदेश भंडारे यांचं ‘वारी – एक आनंदयात्रा’ हे पुस्तक आहे, उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या वारीचं ‘पहावा विठ्ठल’ आहे, शिवाय दर वर्षी पेपरात रिंगणाचा फोटो असतोच. बेलवाडीच्या रिंगणाला एवढे कॅमेरे असतात की एकाच्या फोटोत दुसऱ्याचं डोकं येतं. मग नवीन काय काढणार?

थोडं टेक्निकल सांगतो, कारण आपण इंजिनिअर लोक. धावता घोडा ‘गोठवायचा’ तर शटर १/१००० च्या आसपास लागतं. आषाढातलं आभाळ भरलेलं असतं, उजेड कमी, त्यामुळे आयएसओ वाढवावा लागतो. दुसरा मार्ग पॅनिंगचा. शटर १/६० किंवा त्याहून हळू ठेवायचं, घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायचा. घोडा बऱ्यापैकी स्पष्ट येतो आणि मागची गर्दी रंगांच्या रेघा होऊन पसरते. दहात एखादा जमतो. रिंगणाच्या वळणावर उभं राहिलं तर घोडा अंगावर येताना मिळतो, सरळ बाजूला उभं राहिलं तर पॅनिंग सोपं जातं. हे सगळं तासाभरात शिकता येतं.

पण घोडा गेल्यावर काय होतं ते बघा. पुढचे फोटोग्राफर लगेच मान खाली घालून स्क्रीनवर आपलं पीक कसं आलंय ते पाहायला लागतात. त्याच क्षणी मागे बसलेले वारकरी उठतात, टापांखालची माती चिमटीत घेतात, कपाळाला लावतात, कुणी पदराच्या गाठीत बांधून ठेवतं. ताईच्या असाइनमेंटमधला सरांनी ठेवून घेतलेला फोटो त्याचा होता : मातीत उमटलेली टाप आणि तिच्यावर वाकलेले तीन हात. घोडा त्यात नाहीच.

कॅप्शनचं प्रकरण याहून अवघड. कोण, काय, कुठे, कधी, हे तर हवंच. नाव विचारून, त्याच माणसाकडून तपासून लिहायचं, गाव तालुक्यासकट. ‘भक्तीत तल्लीन झालेली एक आजी’ असं लिहिलं की सर लाल पेनाने रेघ मारतात. तल्लीन आहे हे तुला कसं कळलं? कदाचित पाय दुखत असतील म्हणून डोळे मिटले असतील! यावर वर्गात हशा झाला म्हणे, पण मुद्दा खराच आहे.

कॅप्शन चुकीचं असेल तर खरा फोटोसुद्धा खोटं बोलतो. आपल्या उजनीचंच उदाहरण घ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता. भेगाळलेली जमीन आणि खाली ‘उजनीत पाणी उणे’ एवढंच छापलं, तर वाचणाऱ्याला वाटेल धरण पार आटलं. उणे पाणी म्हणजे काय हे सांगायला नको का? उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला साधारण ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.५ टीएमसीच्या वर मृत साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे शून्य टक्के असतं तेव्हाही धरणात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं. उणे ६० म्हणजे मृत साठ्यातलेही ३२ टीएमसी गेले आणि जवळजवळ तेवढेच खाली उरले. हा हिशोब ताईने माझ्याकडून कॅल्क्युलेटरवर करून घेतला आणि दोन ओळींत कॅप्शनमध्ये बसवला. इंजिनिअरिंगचा फोटोग्राफीला एवढा उपयोग मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

पाणी असं उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. लोक सहलीला येतात, सेल्फी काढतात, रीळ बनवतात. फोटो छानच येतो यात शंका नाही. पण १९८० च्या सुमाराला धरण भरायला लागलं, तेव्हा त्या देवळाभोवती गाव होतं. घरं होती, काळ्या मातीची शेतं होती. गाव उठून वर हायवेलगत आलं. ज्यांनी ते गाव पाहिलं ते आता म्हाताऱ्यांत जमा आहेत. ताईने एका आजोबांना पाण्याच्या कडेला उभं करून फक्त विचारलं, तुमचं घर कुठं होतं? त्यांनी हात केला. हात केलेला, आणि बोट जिथे रोखलंय तिथे नुसतं पाणी. ‘पाण्याखालचं प्राचीन मंदिर’ या नेहमीच्या फोटोत हे कुठे येतं?

त्याच पाण्यावर हिवाळ्यात भिगवण-कुंभारगावला फ्लेमिंगो येतात, आपल्याकडे त्यांना रोहित म्हणतात. शनिवार-रविवारी काठावर हातभर लेन्सांची रांग लागते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून बोट मुद्दाम थव्यात घालायला सांगणारे महाभाग असतात. चिखलात शांतपणे चोच घालून खाणारा पक्षी तुमच्या एका फ्रेमसाठी उठवायचा, आणि मग फोटोखाली ‘निसर्गाची किमया’ लिहायचं. ही किमया निसर्गाची नसून डिझेल इंजिनाची असते!

याच संदर्भात त्यांना वर्गात शिकवलेलं एक प्रकरण आहे. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही मोठी जागतिक स्पर्धा. २००९ चा पहिला पुरस्कार स्पेनमधल्या एका फोटोला मिळाला : रात्री कुंपणाच्या फाटकावरून उडी मारणारा लांडगा. पुढे परीक्षकांचं मत झालं की लांडगा बहुधा पाळीव, शिकवलेला होता. फोटोग्राफरने ते नाकारलं, पण जानेवारी २०१० मध्ये पुरस्कार काढून घेण्यात आला. मला हे ऐकून गंमत वाटली, कारण खरा लांडगा बघायला स्पेनला जायची गरजच नाही. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहेत, लांडगेही आहेत. मात्र पहाटे जाऊन गप्प बसावं लागतं आणि बहुतेक दिवशी रिकाम्या हाताने परत यावं लागतं. आम्ही चार वेळा गेलो. चारही वेळा चिंकारा दिसले, लांडगा नाही. तेव्हा लांडग्याचा फोटो ताईकडे नाही, एवढंच.

आता कठीण भाग. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली. सहा जण गेले. एनडीआरएफच्या तुकड्या आल्या, शोध दोन दिवस चालला. ताईच्या वर्गात नंतर या बातमीवर चर्चा ठेवली होती : तुम्ही त्या काठावर असता तर काय टिपलं असतं? वर्ग दोन गटांत विभागला. काहींचं म्हणणं, रडणारी आई हाच बातमीचा गाभा, चेहरा दिसल्याशिवाय शहरातल्या वाचकाला काही वाटत नाही. काही म्हणाले, त्या क्षणी ती बाई परवानगी देण्याच्या स्थितीत नाही, म्हणून कॅमेरा खाली. ताईने वेगळंच लिहून दिलं. तिने लिहिलं की मी आधी जेट्टीचा फोटो काढीन. रोज किती माणसं, किती मोटारसायकली बोटीत चढतात, अंगावर लाइफ जॅकेट आहे की नाही, आणि काठाने फिरून जायचं तर केवढा वळसा पडतो, हे दाखवीन. माणसं त्या बोटीत का बसली हे फोटोत आलं नाही तर नुसते अश्रू छापून काय उपयोग? माझं मत असं, की पाठमोरी वाट पाहणारी माणसंही पुरेशी बोलतात. पण मी काही शिकलेला नाही, आणि चेहरा दाखवा म्हणणारे सगळे निर्दय होते असंही नाही. प्रश्न खरंच सुटलेला नाही.

हे झालं असाइनमेंटचं. तिचं स्वतःचं काम आहे ऊसतोडीचं. सुधारक ओलवे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईत वृत्तपत्रात नोकरी करता करता त्यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचं आयुष्य वर्षानुवर्षं टिपलं. पुढे २०१६ साली पद्मश्री मिळाली. कुणी त्यांना ‘या कामगारांचे दहा फोटो आणा’ म्हणून पाठवलं असतं तर ते काम झालं नसतं, असं ताईचं म्हणणं.

आपल्या दोन तालुक्यांत कारखाने किती आहेत हे सांगायला नको. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, शेताकडेला कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. एका टोळीवर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुकादम म्हणाला, काढा की फोटो, हवे तेवढे. ताईने त्या दिवशी एकही काढला नाही. परवानगी मुकादमाने दिली होती, बायकांनी नव्हे. दुसऱ्या खेपेला ती नुसती चहा पिऊन आली. पेट्रोल माझं जळत होतं, त्यामुळे मी जरा कुरकुरलो. तिसऱ्या खेपेपासून बायकाच म्हणायला लागल्या, आज कॅमेरा न्हाई का आणला?

त्यातला एक फोटो फार जबरदस्त होता. पहाटेचं धुकं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई, आणि पुढे, फ्रेमच्या कोपऱ्यात, पाचटावर झोपलेलं तिचं लेकरू. कुणीही पाहिला तरी पहिला नंबर द्यावा असा. ताईने प्रिंट काढून त्या बाईंना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “ह्यो नका छापू ताई. लेकरू टाकून दिल्यावानी दिसतंय. म्या टाकलं न्हवतं, नजरंपुढं निजवलं व्हतं.”

खरंच, फोटोत बाईंची नजर दिसत नव्हती. आम्ही तिथे उभे होतो म्हणून आम्हाला माहीत होतं की प्रत्येक खेपेला फळीवर चढताना त्या मान वळवून बघत होत्या. पेपरात पाहणाऱ्याला ते कळणार नव्हतं, आणि कॅप्शनमध्ये किती सांगणार? ताईने तो फोटो फाइलमधून काढला. वर्षाअखेरच्या पोर्टफोलिओला सरांनी विचारलं, सगळ्यात ताकदीची फ्रेम गाळली का? तिने कारण सांगितलं. सर म्हणाले, फोटोग्राफर तू आहेस की ती? मार्क बेताचेच पडले. तिचे वर्गमित्रही म्हणतात की असं प्रत्येकाला विचारत बसलीस तर छापण्यासारखं काही उरणार नाही.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो. कारखान्याचा पट्टा पडायला आठ-दहा दिवस राहिले होते, नंतर टोळी गावाकडे निघणार. या वेळी ताई शेतात उभी न राहता ट्रकवर, उसाच्या थरावर जाऊन बसली. तिथून फळीवर चढणाऱ्या बाई समोरून दिसत होत्या. डोक्यावरची मोळी एका हाताने सावरत त्यांनी मान खाली वळवली, आणि खाली पाचटावर लेकरू उठून बसलेलं. धुकं नव्हतं, ऊन कडक होतं, फोटो पहिल्याइतका देखणा मुळीच नाही. चार दिवसांनी बारामतीतून प्रिंट काढून नेले. बाईंनी एक कोपीत कपड्यांच्या गाठोड्यात ठेवला आणि आणखी एक मागितला, आईला द्यायला.