स्वप्नात यजमान दिसणे

यजमान हा शब्द मूळचा यज्ञशाळेतील. ‘यज्’ या धातूपासून तो सिद्ध झाला असून, स्वतःच्या कल्याणार्थ जो यज्ञ करवितो त्यास तो लावीत. पुढे घरी आलेल्यास जो पाट मांडून देतो, तोही यजमान झाला. आणि आमच्या माताभगिनी तर पतीचा उल्लेखच या शब्दाने करतात. तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे दुसऱ्याच्या योगक्षेमाची जबाबदारी.

हा यजमान स्वप्नात दिसला, तर त्याचे फळ काय, असा प्रश्न पुरोहितांच्या घरी पुष्कळदा येतो. कोणास यजमानाने बोलावून ताटच वाढले नाही, असे दिसते. कोणी स्वतः यजमान असतो आणि पंगतीत अन्न कमी पडते. कोणास दिवंगत वडील वाढावयास उभे दिसतात. मग मनात भय शिरते आणि प्रसंगी ऋण काढूनही शांती करण्यास गृहस्थ सिद्ध होतो. म्हणून या विषयी शास्त्र काय सांगते, ते आम्ही येथे थोडक्यात पाहणार आहोत.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, भोगलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढील गोष्ट सुचविणारे आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिले पाच निष्फळ होत, असे चरकाचार्य स्पष्ट सांगतात. दिवसा पडलेले, अतिऱ्हस्व व अतिदीर्घ स्वप्नही ते निष्फळच मानतात. ज्याच्या घरी नुकतेच कार्य झाले, आठ दिवस ज्याने शिध्याच्या याद्या केल्या, त्यास पंगत दिसली तर ते अनुभूत स्वप्न होय. त्यात भिण्यासारखे काही नाही. अजीर्ण वा ज्वर असता तीच स्वप्ने वारंवार पडू लागली, तर प्रथम वैद्यास विचारावे.

निष्फळ म्हणजे निरर्थक मात्र नव्हे. तुकोबांस माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात गुरूपदेश झाला. गुरूंनी मस्तकावर हात ठेवला व भोजनासाठी पावशेर तूप मागितले. पण त्याचा तुकोबांस स्वप्नातच विसर पडला. काही अंतराय आला म्हणून गुरूंनी त्वरा केली असावी, असे त्यांस वाटले. येथे यजमान स्वतः तुकोबा आहेत, आणि यजमानपणातील उणीव त्यांनी आपल्या अभंगात झाकून ठेवलेली नाही. तरीही ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र त्यांस मिळालाच. त्या स्वप्नाचा अपशकुन त्यांनी केला नाही.

उणीव खरोखरीच घडली असेल, तर तिचा उपाय कोणता? तो कठोपनिषदात सापडतो. यमाच्या घरी नचिकेता तीन रात्री उपाशी राहिला. परत आल्यावर यमधर्माने त्यास वंदन केले आणि तीन रात्रींबद्दल तीन वर दिले. साक्षात् मृत्युदेवतेनेही अतिथीचे देणे अतिथीसच फेडले, हे लक्षात घ्यावे.

तेव्हा असे स्वप्न पडल्यास सकाळी स्नान करून देवास नमस्कार करावा आणि स्वतःस विचारावे : आपल्या दारातून कोणी विन्मुख गेले का? बोलावून कोणाची विचारपूस करावयाची राहिली का? घरच्या यजमानांस वा वडीलधाऱ्यांस वेळेवर जेवण आणि दोन गोड शब्द मिळतात ना? आठवण झाली तर त्याच माणसाकडे जावे. दिवंगत वडील दिसले असतील, तर त्यांच्या तिथीस यथाशक्ती श्राद्ध करावे. निराळ्या भयाचे कारण नाही. काहीच आठवले नाही, तर त्या दिवशी एका भुकेल्यास घरात शिजलेले अन्न वाढावे. यास ऋण काढावे लागत नाही.