हात पसरण्याआधी हक्काचं दार

यजमानांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, तेव्हा हातात ३ लाख ४० हजारांचं एस्टिमेट होतं आणि घरात ६० हजार. शेत गहाण टाकायचं नाही, असं ह्यांनी बजावलेलं. मग मी पत्रं लिहायला बसले. पेपरात दानशूर म्हणून ज्यांची नावं वाचली होती, त्या उद्योगपतींना, बिल्डरांना, नटांना. चार रात्रींत ४३ पत्रं. प्रत्येकात चार पानं: सासरे कसे गेले, पाऊस कसा फिरला, मुलीची दहावी कशी तोंडावर आली. एस्टिमेटची झेरॉक्स मात्र एकालाही जोडली नाही.

कुणाचंच उत्तर येईना. भाच्याने पत्राचा फोटो माझ्या मोबाइल नंबरासकट व्हॉट्सॲपवर फिरवला. तिसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, शेठजींनी तुमचं पत्र वाचलं. पाच लाख मंजूर झालेत. फाइलचे साडेचार हजार तेवढे भरा." ह्यांचं नाव, वॉर्ड, मुलीची दहावी, सगळं त्याला तोंडपाठ. मी विश्वास ठेवला. साडेचार हजार भरले, मग टॅक्सचे म्हणून आणखी बारा हजार. त्यानंतर तो नंबर कधीच लागला नाही. औषधांसाठी बाजूला काढलेले पैसे होते ते. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून रडले.

सकाळी तिथल्या मेडिकल सोशल वर्करबाईंनी मला समोर बसवलं. त्यांनी दुःख विचारलं नाही. "तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे? रेशनकार्ड कुठल्या रंगाचं?" आणि मग म्हणाल्या, "अहो, हे धर्मादाय रुग्णालय आहे. इथे सवलत मागणं हा तुमचा हक्क आहे." बारा दिवस मी ज्या इमारतीत होते, तिथेच मदत होती, आणि मी ती मुंबईच्या बंगल्यांकडे मागत होते.

तेव्हा शिकलेलं आज तुम्हाला सांगते.

पहिलं, दात्याआधी हक्काचं दार ठोठावा. उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. रुग्णालयाने दाद दिली नाही, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रुग्णालय या योजनेच्या यादीत आहे का, हे भरती होण्याआधी विचारा. असेल तर तिथे मदतीला योजनेचा आरोग्यमित्र भेटतो. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही विनामूल्य असतो.

दुसरं, उरलेल्या रकमेसाठी माणसाला नव्हे, संस्थेला लिहा. मोठ्या माणसाच्या घरी गेलेलं पत्र कुणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. वैद्यकीय मदत देणाऱ्या न्यासाकडे मात्र अर्ज तपासायला नेमलेली माणसं असतात. त्यांना पडताळता येईल असं लिहा. एक पान पुरे: रुग्ण कोण, आजार काय, खर्च किती, योजनेतून किती मिळाले, आपण किती जमवले, कमी किती पडतात. सोबत डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं एस्टिमेट, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. बाई म्हणाल्या होत्या, "रडून लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला हळवं करतं, पण त्याला ठरवता येत नाही."

तिसरं, चेक रुग्णालयाच्या नावाने मागा. खरा देणारा बहुधा तसाच देतो. आणि मदत मिळण्याआधी पैसे मागणारा मदत करणारा नसतो, मग तो फाइल म्हणो, टॅक्स म्हणो की नोंदणी. फसलात तर लाज धरून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. मी चार दिवस घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

चौथं, पत्राचा फोटो कुठेही फिरवू नका. आपलं दुःख नावानिशी आणि नंबरानिशी उघडं पडलं, की ते चोराच्याही हाती लागतं.

ह्यांचं ऑपरेशन झालं. बिल सवलतीत निम्म्याच्या खाली आलं, आणि उरलेली रक्कम एका पानाचा अर्ज पाठवलेल्या चार न्यासांपैकी दोघांनी भरली. घरी आल्यावर मी शेवटची दोन पत्रं लिहिली, त्या दोन न्यासांना. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि अंतिम बिलाची प्रत जोडली. त्यांनी मागितली नव्हती. पण त्यांच्या टेबलावर माझ्यामागून आणखी कुणाचा तरी अर्ज येणार होता, आणि खेड्यातून आलेल्या कागदावर त्यांचा विश्वास राहावा, एवढं माझ्या हातात होतं.