अर्धं पान

पुणे

चि. मुक्तास,


काल ताईचा फोन आला होता. निम्मा वेळ रडतच होती. बँकेचा राजीनामा देऊन मासिकात लागलीस, आणि हे मला तिच्याकडून कळावं? म्हणाली, पोरगी रात्री अकराला येते, डबा तसाच परत आणते, मासिकात चार-चार पानं लिहिते आणि नाव कुठेच नसतं. ताईला पगाराची धास्ती. ती काही खोटी नाही. ‘सत्यकथा’सारखं मासिकसुद्धा १९८२मध्ये बंद पडलं, तिथे इतरांची काय कथा! पण माझ्या जिवाला घोर वेगळाच. मुक्ता, तू स्वतःचं काही लिहितेस का? ती निळी वही उघडून किती दिवस झाले?

मी मासिकात चोवीस वर्षं काढली, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं ताईलाही सांगितलेलं नाही. एका दिवाळी अंकाच्या शेवटच्या फर्म्यात अर्धं पान रिकामं राहिलं. जाहिरात ऐन वेळी फिरली होती. मशीन खोळंबलेलं, जुळारी दारात उभा. माझ्या पिशवीत माझी कथा होती, बारा पानांची. तिचा शेवट, म्हणजे नदीला पूर आलाय आणि म्हातारी घाटाच्या पायरीवर बसून बांगड्या मोजतेय, तेवढा कापून त्याच्या हातात दिला. खाली टोपणनाव. पानपूरक! दुसऱ्या दिवशी संपादक म्हणाले, ‘छान जमलं हो.’ आणि मला बरंसुद्धा वाटलं. त्या कथेला दुसरा शेवट काही सापडला नाही. उरलेली पानं ट्रंकेत आहेत, मामी दर वर्षी डांबरगोळ्या बदलते.

काम हलकं नाही गं. राम पटवर्धनांनी ‘सत्यकथे’चे संपादक म्हणून दुसऱ्यांच्या कथांवर उमेद खर्ची घातली, त्यांचं स्वतःचं म्हणून लोक ‘पाडस’चं नाव घेतात, आणि तोही अनुवाद. मराठी कथेवर त्यांचे उपकार आहेत. पण त्यांची निष्ठा त्यांना शोभली, मी नुसताच अडकलो. शांताबाई शेळके अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात पाच वर्षं होत्या. पुढे नागपूरला हिस्लॉप कॉलेजात शिकवायला गेल्या. कविता कुठेच सुटली नाही. तुझी सुटतेय का, एवढंच विचारतोय.

कारण सुटताना कळत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या वाक्यांवर लाल पेन चालवलं, की रात्री आपलं वाक्य कागदावर उतरायच्या आतच आपण त्याला ‘साभार परत’ करतो. मी असा स्वतःला किती वर्षं परत पाठवत होतो! वर ‘हंगाम संपू दे, मग लिहू’ हे पालुपद. श्रावणात सुरू झालेला अंकाचा हंगाम दिवाळीला संपतो, आणि मग वर्गणीदारांच्या तक्रारी सुरू होतात.

जास्त बोललो. तू पहिलीत असताना माझ्या टेबलाखाली बसून प्रुफांच्या कोऱ्या पाठीवर कविता लिहायचीस, आणि मी त्या ऑफिसभर दाखवत फिरायचो. हे वेड मीच लावलं, मग ताईने मलाच बोल लावले तर तिचं काय चुकलं? तिला मी समजावतो. राजीनामा परत घे असं म्हणणार नाही. जमत असतं तर मीसुद्धा पुन्हा मासिकातच जाऊन बसलो असतो, खोटं कशाला बोलू!

फक्त एक कर. शेवटच्या फर्म्यांची प्रुफं माझ्याकडे पाठव. मोतीबिंदू काढल्यापासून निसटलेला अनुस्वारही दिसतो. ऱ्हस्व-दीर्घ मी बघेन, तेवढ्या दोन-तीन रात्री तू वही घेऊन बस. मामीने लसणीची चटणी पाठवली आहे, डबा रिकामा करून आण. आणि प्रुफांचे पैसे देऊ नकोस, नावही छापू नकोस. मला सवय आहे.

तुझा,
नानामामा