हातात काय आलं ते बघ

पोरी, सेटिंग्जमधल्या नुसत्या नावावरून ऑब्जेक्ट कसा बनवायचा, असं काल घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत तू विचारलंस, त्याचं उत्तर त्या गर्दीत नीट देता आलं नाही. म्हणून लिहून पाठवतो. पायथन तू पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून शिकलीस, त्यामुळे सुरुवातीचं सांगत बसत नाही.

सेटिंग्जच्या फाइलीतलं ‘बिल.छपाई.पावती’ ही नुसती अक्षरं आहेत. आरस्प्लिटने शेवटच्या टिंबावर तोड. डावा भाग इम्पोर्टलिबच्या इम्पोर्ट_मॉड्यूलला दे, म्हणजे मॉड्यूल मिळेल. त्यातून गेटअ‍ॅट्रने क्लास काढ. मग कंस लाव, तेव्हा कुठे ऑब्जेक्ट तयार होतो. तू कंस विसरलीस, म्हणून ‘सेल्फ’ कमी पडतोय अशी तक्रार येत होती. अडलीस की टाइप छापून बघ: हातात मॉड्यूल आहे, क्लास आहे की ऑब्जेक्ट?

जुन्या कोडमध्ये मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असलेलं इम्पोर्ट दिसेल. त्याच्याकडे ‘बिल.छपाई’ मागितलं की ते नुसतं ‘बिल’ देतं. चौथ्या मजल्यावरचं घर विचारावं आणि वॉचमनने गेटपाशीच उभं करावं, तसं. इम्पोर्ट_मॉड्यूल 2.7 आणि 3.1 पासून आहे, तेच वापर.

रीलोडला जप. अंधेरीत एका गिऱ्हाइकाकडे मी चालत्या सर्व्हरवर मॉड्यूल रीलोड केलं आणि इझइन्स्टन्स ‘फॉल्स’ म्हणू लागलं. क्लासचं नाव छापलं, तर दोन्हीकडे तेच! शेवटी दोघांचे आयडी छापले, तेव्हा उलगडा झाला. रीलोडने नवा क्लास बनवला होता आणि आधीचे ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचे राहिले होते. त्या रात्री माझी शेवटची लोकल चुकली. तेव्हापासून मी सर्व्हर सरळ बंद करून पुन्हा चालू करतो.

तुझ्या क्लासच्या अंगात ती रिकामी लिस्ट ठेवली आहेस ना, ती गच्चीवरच्या टाकीसारखी सगळ्यांची सामाईक. एका पावतीतली रक्कम दुसरीत दिसेल. इनिटमध्ये सेल्फवर बनव.

आणि कुणी फॉर्ममध्ये भरलेलं नाव थेट इम्पोर्टला कधीच देऊ नकोस. मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट होतं तेव्हा ती फाइल वरपासून खालपर्यंत चालते, त्यात काय असेल ते सगळं घडतं. तुझे क्लास चारच आहेत. साधी डिक्शनरी कर, डावीकडे नाव, उजवीकडे क्लास. यादीबाहेरचं नाव आलं की नाकार. मला वाटतं, तुझ्या कामाला तेवढं पुरेल. रविवारी लॅपटॉप घेऊन मुलुंडला ये, आधी तीच लिहून बघू.