शेअर स्प्लिट : हिस्से केल्यानं वावर वाढते काय?



अकोला असो की अमरावती, मधल्या सुट्टीत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : "अमुक शेअर स्प्लिट होणार म्हणतात, आधीच घेऊन ठेवा." लेकरांच्या फीचे पैसे या वाक्यावर लावण्याआधी गुणोत्तराचा एक धडा आपणच करून पाहू.

पुण्याच्या बजाज फायनान्सचं उदाहरण घ्या. २९ एप्रिल २०२५ ला कंपनीने जाहीर केलं, की २ रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे १ रुपयाचे दोन शेअर होतील आणि नंतर प्रत्येक शेअरमागे ४ बोनस शेअर मिळतील. मग एकाचे किती झाले? वर्गात विचारा. कोणी २ + ४ = ६ म्हणेल, कोणी २ × ४ = ८. दोन्ही चूक. आधी एकाचे दोन झाले, त्या दोघांना चार-चार म्हणजे ८ नवे मिळाले. एकूण १०.

१६ जून २०२५ पासून नवा भाव लागू झाला. सुमारे ९,३०० रुपयांचा शेअर साडेनऊशेच्या आत-बाहेर दिसू लागला. नवे शेअर खात्यात जमा व्हायला काही दिवस लागतात. तोवर मोबाइलवर ९० टक्के तोटा दिसतो आणि माणूस घाबरतो. खरं गणित एवढंच : १ × ९,३०० = १० × ९३०.

आपल्या भाषेत सांगायचं तर एक एकर वावराचे ४० गुंठे होतात. सातबारावर चार भावांची नावं चढली म्हणून कापूस जास्त निघत नाही.

मग भाव वाढेल असं लोकांना का वाटतं? एक एकर घेणारे थोडे, दोन गुंठ्यांचा प्लॉट घेणारे पुष्कळ. शेअर लहान झाला की गिऱ्हाईक वाढतं, हे खोटं नाही. पण अंदाज बांधणारे या गिऱ्हाइकावर डाव लावतात, कंपनीच्या नफ्यावर नाही. शिवाय बातमीची कुणकुण आधीच लागलेली असते. बजाज फायनान्सच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, ३० एप्रिलला, शेअर वर जायच्या ऐवजी खाली आला. आणि चेन्नईच्या एमआरएफचा शेअर जून २०२३ मध्ये एक लाखाच्या वर गेला, तरी तोवर कंपनीने विभाजन केलेलं नव्हतं. वाट पाहणारे वाटच पाहत राहिले.

म्हणून कोणी स्प्लिटची टीप दिली तर एकच विचारा : "कंपनीचा नफा किती वाढला?" उत्तर नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.

मुलांसाठी गृहपाठ : तुमच्याकडे १,५०० रुपये भावाचे ८ शेअर आहेत. १० रुपयांचं दर्शनी मूल्य २ रुपये झालं. आता शेअर किती, भाव किती, एकूण किंमत किती? (उत्तर : ४० शेअर, ३०० रुपये, १२,००० रुपये. आधीही १२,०००च होते!)