केळीचे वाण जपण्याची निकड

केळीचे मूळ आग्नेय आशिया व न्यू गिनीच्या परिसरात आहे. रानकेळ्यात टणक बिया असतात. खाण्याच्या केळ्यात त्या नसल्याने लागवड मुनव्यांपासून होते. त्यामुळे एका वाणाची सर्व झाडे गुणांनी एकसारखी असतात. बाजाराला हे सोयीचे, परंतु रोग आल्यास तेच घातक ठरते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य अमेरिकेतून मुख्यतः ‘ग्रो मिशेल’ या वाणाची निर्यात होई. जमिनीतील बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने त्या बागा उजाड झाल्या आणि १९६० च्या सुमारास ‘कॅव्हेन्डिश’ वाण पुढे आला. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेन्डिशलाही ग्रासतो. २०१९ साली तो कोलंबियात आढळला; भारतात बिहार व उत्तर प्रदेशातही तो पोहोचला आहे. ही बुरशी मातीत अनेक वर्षे टिकते.

यास्तव गोव्यातील साळदाटी, रसबाळी, तसेच बार्देशातील मयड्याची हलव्यास उत्तम अशी मोठी केळी, हे केवळ चवीचे वैभव नव्हे. एका वाणावर संकट आले, तरी दुसरा तगण्याची आशा वैविध्यामुळेच राहते. बागायतदारांनी मुनवे निरोगी बागेतूनच घ्यावेत, रोगट बागेतील माती अवजारांबरोबर आणू नये आणि परसात एखादा गावठी वाण अवश्य राखावा.